मूल्य नसलेला नमुना

आईला विचारलं की ती एवढंच सांगते:
दोरा चांगला होता, केरात कसा टाकायचा?

ड्यूसेलडॉर्फ, मार्च एकाहत्तर.
रात्रीची झाडलोट करायची ती एका हॉलमध्ये,
जिथे फरशीवर कोळशाचा ढीग होता
आणि तो उचलायचा नसतो हे तिला
पहिल्याच आठवड्यात ओरडून शिकवलं होतं.
दोऱ्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

दोरा खोलीभर होता. खिळ्यावरून खिळ्यावर,
मग दमल्यासारखा जमिनीवर.
थोडा करडा, थोडा नारिंगी, पुन्हा करडा,
आणि गाठीच गाठी.

करडा हिसाए कुराओकाचा.
अमागासाकीत, कारखान्यांच्या धुराखाली,
मुलाचा आखूड झालेला स्वेटर उसवून
ती रोज न झालेल्या कामाची गाठ मारायची.
सासूची कंबर: गाठ. मुलाचा ताप: गाठ.
मंडळातल्या पुरुषांनी जुनं सगळं मोडून टाकायचा जाहीरनामा लिहिला
आणि चहा तिला करायला सांगितला:
त्या दिवशी दोन, एकीवर एक.

नारिंगी ब्रोनिस्वावा केम्पाचा. पोलंड, वूच,
तिसऱ्या पाळीत गिरणीतून खिशात घालून आणलेलं सूत.
जपानहून पाकीट यायचं, आधीच कुणीतरी उघडून
वाईट चिकटवलेलं.
ती टोकाला टोक जोडायची
आणि आपल्या गाठी मारायला घ्यायची:
मांसाची रांग, नवऱ्याच्या प्रदर्शनाची
दोनशे आमंत्रणं घडी घालणं.
वर्षाअखेर परत टपालात.
पत्र शब्दकोशातल्या इंग्रजीत, क्रियापदांवाचून:
हिवाळा. हात थंड. तू?

जकातीच्या फॉर्मवर सात वर्षं एकच ओळ:
दोरा, वापरलेला. मूल्य नसलेला नमुना.

दोघींची गाठ कधी पडली नाही.

आई उशाकची. सहाव्या वर्षी मागावर बसलेली.
तिने दोरा भिंतीवरून सोडवला
आणि बादली पालथी घालून गुंडाळायला बसली.
गाठी सोडवल्या नाहीत, त्या बोटांखालून जाऊ दिल्या.
करडी डावखुरी आहे, तिला कळलं.
नारिंगी घाईत असते, टोक दाताने तोडते.
आणि एके ठिकाणी नारिंगीने
डाव्या हाताने एक गाठ मारून पाहिली होती,
वेडीवाकडी.
तिथे आई थांबली म्हणते. किती वेळ, ते सांगत नाही.

पहाटे मोसंब्याएवढा गुंडा,
खाली धुतलेलं फडकं, म्हणजे धूळ लागू नये.

मग हेर ट्राउटवाइन. मग आरडाओरडा,
अर्ध्या महिन्याचा पगार कापला.
दोन शहरांना तारा: कलाकृती नष्ट, दिलगीर.
अमागासाकीहून उत्तर आलं: गुंडा? केवढा?
वूचहून तीन आठवड्यांनी: कोणी गुंडाळला? तिचं नाव?
नाव कुणी कळवलं नाही.
भिंतीवरच्या कार्डावर तर त्या दोघींच्याही आधी
श्रीयुत छापलं होतं.

मागच्या वर्षी मी आईला घेऊन गेले.
तळघर, खोका चौदा, पांढरे हातमोजे.
एक्क्याऐंशी वर्षांची बाई, मोजे घालीना.
शेवटी ओंजळीत घेतला तिने तो गुंडा,
अंगठ्याने एकदा फिरवला
आणि कपाळाला आठी.
हा माझा हात नाही, म्हणाली.
कुणीतरी उलगडून पुन्हा गुंडाळलाय.

संग्रहालयातली मुलगी, पंचविशीची असेल,
माझ्याकडे पाहीना.
आई तिच्याकडे वळली.
तिचं जर्मन अजूनही क्रियापदांवाचून.
तू?

मुलीने मान हलवली.
कसर लागत होती, पुटपुटली,
सगळा सोडवून बघावा लागला. दोन रात्री.
नोंदवहीत लिहिलं नाही मी.

आईने गुंडा तिच्या हातात दिला,
वरचे दोन वेढे बोटाने सैल केले.
फार घट्ट गुंडाळतेस, म्हणाली,
आणि हे तिने तुर्कीत म्हटलं, मला सांगावं लागलं:
लोकरीला श्वास घेऊ द्यावा थोडा.